माड म्हणजे पोल नव्हे

व्हेरोनिका तुस्कानो चिडली की आधी तिच्या चपला ऐकू येतात आणि मग तोंड. वसईत होळी बाजाराच्या मागे ज्या वाड्या आहेत ना, केळीच्या, पानवेलींच्या, माडांच्या, तिथल्या प्रत्येक ओट्याला त्या चपला ओळखीच्या. "आली इंटरनेटवाली," म्हणत लोक आपापल्या घरातला राउटर शोधायला धावतात. कारण राउटर लोखंडी कपाटात भांड्यांच्या मागे ठेवायचा आणि वर 'नेट स्लो आहे' म्हणून फोन करायचा, असल्या एका इसमाला तिने भर लग्नाच्या मांडवात झापलं होतं. नवरदेवाचा काका होता तो. जेवण होईपर्यंत खाली मान घालून बसला बिचारा.

तोंडाने फटकळ, पण बाई शब्दाची पक्की. आता ही गोष्ट सांगायची तर धंदा कसा सुरू झाला ते आधी सांगायला हवं.

तिचा नवरा रॉबर्ट सातिवलीच्या एका कारखान्यात होता. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्याने गच्चीवर डिश लावून केबलचा धंदा सुरू केला. वायर ओढायचं काम रॉबर्टचं. पण वायर कुणाच्या जागेतून ओढायची, हे बघायचं काम व्हेरोनिकाचं, आणि खरा धंदा तोच होता. वाड्यांमधून कुठले आलेत खांब? होते ते माड. आणि प्रत्येक माडाला मालक. कुणाच्या आजोबांनी लावलेला, कुणाच्या लग्नात रुजवलेला. ही बाई एकेका ओट्यावर गेली, चहा प्यायली, म्हातारीच्या कमरेची चौकशी केली आणि मग विचारलं. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. माडाला खिळा मारणार नाही, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधीन. नारळ उतरवायचे असतील तर सांगा, वायर बाजूला करून देईन. आणि ज्या दिवशी तुम्ही 'काढ' म्हणाल त्या दिवशी काढीन, दुसरा दिवस उजाडू देणार नाही.

लोकांनी हो म्हटलं. केबल गेली, फायबर आलं, ट्यूबच्या पट्ट्या मात्र तशाच राहिल्या. सगळ्यात मोठी लाइन होती द्वारकाकाकी राऊत यांच्या वाडीतली. त्यांच्या विहिरीजवळच्या माडावरून मेन वायर पुढे जायची आणि तिथूनच अर्ध्या गावाला फुटायची.

आता मधल्या काळात काय झालं, रॉबर्टचे गुडघे गेले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढला की गुडघ्यातून कळ निघायची. त्यात मोठ्या कंपन्यांचं फायबर हमरस्त्यापर्यंत येऊन ठेपलेलं. वर्षभरात त्या वाड्यांमध्ये घुसणार आणि तुस्कानोंचं दुकान बसणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. तेव्हा मुलगा ॲलिस्टर पुढे झाला. अंधेरीला कुठल्याशा ऑफिसात चार इंग्रजी शब्द शिकून आलेला. "मम्मी, देशात ब्रॉडबँड नुसतं वाढतंय. बाहेरचे फंड पैसा घेऊन दारात उभे आहेत. छोटे ऑपरेटर विकत घेतात, एकत्र जोडतात, मोठी कंपनी करतात. आत्ता विकलं तर विकलं, नाही तर बसा वायर गुंडाळत." व्हेरोनिकाला ते काही रुचलं नाही. पण रात्री गुडघ्यांना तेल चोळत बसलेल्या नवऱ्याकडे तिने बघितलं. विक, म्हणाली.

बोलणी झाली, आकडा ठरला, फक्त फंडाचा माणूस येऊन जागा बघून जायचा राहिला होता.

तो आला. परदेशी पाहुणा, उंच, उन्हाने लाल झालेला. बरोबर मुंबईच्या ऑफिसातला धवल शाह. ॲलिस्टर पुढे पुढे करत सगळ्यांना द्वारकाकाकींच्या वाडीत घेऊन गेला. काकी ओट्यावर विड्याच्या पानांच्या जुड्या लावत बसल्या होत्या. शेजारचा स्टॅनी डाबरे, ज्याच्या माडावरूनही वायर जायची, कुंपणापलीकडे केळीचं लोंगर, म्हणजे अख्खा घड, बांधत होता, तोही बघत उभा राहिला. पाहुण्याने विहिरीजवळच्या माडावर थाप मारली, वर बघितलं आणि खूश होऊन काहीतरी बोलला.

"सर म्हणतात, पोल एकदम मजबूत आहेत तुमचे," धवल म्हणाला.

"कसले पोल?" व्हेरोनिकाने विचारलं.

"हेच की, आंटी. एरियातले सगळे पोल तुमच्या मालकीचे आहेत म्हणून तर एवढी किंमत लागली. बाकीच्या ऑपरेटरांना पोलचं भाडं भरावं लागतं. आम्ही ह्यांना स्टीलचे बॉक्स ठोकून घेऊ. जे वाकलेत ते कापायचे, तिथे लोखंडी टाकायचे."

व्हेरोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मुलाकडे वळली. "ॲलिस्टर, पोल कुठाय रे? दाखव मला. एक तरी पोल दाखव!"

"मम्मी, हळू बोल ना. फंडाला द्यायच्या नकाशात झाड म्हणून काही टाकताच येत नाही. पोल म्हणूनच टाकावं लागतं. सगळे तसंच करतात."

"काकींचा माड तू आपला म्हणून विकलास?"

"विकला नाही गं, ॲसेटमध्ये दाखवला."

"ॲसेट! त्यांच्या सासऱ्यांनी पाणी घालून वाढवलेला माड आणि तू ॲसेटमध्ये घालतोस? लाज कशी वाटली नाही रे तुला? ह्या ओट्यावर खेळून मोठा झालास ना तू? ह्यांचीच शहाळी पिऊन ना?"

ॲलिस्टरचं तोंड एवढंसं झालं. धवल मात्र मुरलेला. असली भांडणं त्याने गावोगाव बघितलेली असणार. त्याने बॅगेतून एक कागद काढला आणि शांतपणे म्हणाला, "टेन्शनच नाही, आंटी. मालकांची संमती घेऊन टाकू. मालकीणबाई इथेच आहेत. आधी ह्यांची, मग बाकीच्यांची."

द्वारकाकाकींनी पदराला हात पुसले. "आण इकडे. व्हेरोनिकाच्या पोराचं काम आहे ना? देते सही."

बस. एवढंच हवं होतं. ॲलिस्टरने कागद आणि पेन काकींच्या हातात दिलं. रॉबर्ट हत्यारांची पिशवी घेऊन विहिरीच्या कठड्याला टेकून एक पाय हलकेच उचलून उभा होता, त्याने बायकोकडे बघितलं आणि नजर खाली केली. व्हेरोनिकाने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. जन्मात पहिल्यांदाच तिच्या गप्प बसण्याला किंमत आली होती. आणि तिला संताप आला तो काकींचाच. ही बाई एवढी कशी भोळी? चष्मासुद्धा लावला नाही!

"वाचा तरी, काकी!"

"काय वाचू? तू आहेस ना."

"मी नाहीये!" व्हेरोनिका एवढ्या जोरात ओरडली की पाहुणा दचकून मागे सरकला. "विकल्यावर मी नाही, काकी. हे खिळे मारतील, बॉक्स ठोकतील. माड वाकला तर कापतील. तुम्ही 'वायर काढ' म्हणालात तर कुणी कुत्रं येणार नाही इथे. एक नंबर देतील, त्यावर गाणं ऐकत बसा!"

"असं काही नाही," धवल घाईघाईने म्हणाला. "कम्प्लेंट रजिस्टर झाली की टीम येते."

काकींनी पेन कागदावर ठेवलं आणि कागद परत धवलच्या हातात दिला. मग त्या व्हेरोनिकाकडे वळल्या. त्यांच्याही नाकपुड्या फुलल्या होत्या.

"मग मी आजच सांगते," त्या म्हणाल्या. "काढ."

"काकी, मेन लाइन आहे ही!" ॲलिस्टर मध्ये पडला. "हा माड सोडला तर अर्धं गाव बंद होईल!"

"मी तुला नाही सांगितलं."

आता तुम्हीच सांगा, पाहुणे जाईपर्यंत थांबता आलं नसतं का काकींना? संध्याकाळी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? व्हेरोनिकाच्या मनात हेच आलं आणि त्याच वेळी हेही आलं की काकींनी पाहुण्यांसमोरच सांगितलं ते बरोबर, मीही तेच केलं असतं. तिने नवऱ्याच्या हातातून हत्यारांची पिशवी हिसकावली, काकींच्या पडवीतली शिडी माडाला लावली, साडीचा पदर खोचला आणि चढली. रॉबर्ट "अगं, मी चढतो" म्हणाला तर त्याच्यावर खेकसली, "तू बस! गुडघे सांभाळ! आता तेच राहिलेत आपल्याकडे!"

ट्यूबची पट्टी उन्हापावसात माडाला चिकटून बसली होती. ती कापताना तिने ॲलिस्टरला शिव्या दिल्या, फंडाला दिल्या, काकींना दिल्या, स्वतःलाही दिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. जॉइंटचा डबा उघडून तिने लाइन सोडवली आणि मेन वायर विहिरीच्या कठड्यावर येऊन पडली. पाहुण्याने काय चाललंय म्हणून विचारलं. धवलने कागद बॅगेत कोंबला. थोड्या वेळाने त्यांची गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली.

काकी पुन्हा पानं लावायला बसल्या होत्या. कुंपणापाशी लोंगर तसंच पडलेलं होतं, पण स्टॅनी तिथे नव्हता.

व्हेरोनिका खाली उतरते न उतरते तोच फोन वाजायला लागला. नेट गेलं, नेट गेलं, कधी येणार. हे सगळं ऐकायची तिची तयारी होती, उत्तरंही तोंडात तयार होती. तिने फोन कानाला लावला आणि कोण आहे ते न बघताच ओरडली, "कळलंय! गेलंय नेट! थांबा जरा!"

"नेटचं मरू दे, व्हेरोनिका," पलीकडून स्टॅनी म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे एवढा थंड होता. "एवढंच सांग. माझा माड कितीला लावला होतास?"

तिने फोन ॲलिस्टरपुढे धरला. त्याने हात मागे घेतले.

"घे," ती म्हणाली. "घे म्हणते ना! स्टॅनी अंकल आहेत. त्यांना किंमत सांग."