काट्याचं तोंड मुंबईकडे

मागच्या वादळात वारा एकदम पडला आणि आम्ही फसलो. आमच्या आळीतली माणसं दारं उघडून बाहेर आली. घरात आईचा जीव घुसमटत होता म्हणून आम्हीही तिला खाटेसकट अंगणात आणलं. तेवढ्यात वारा परत आला, उलट्या दिशेने, आणि शेडचा पत्रा उडून तिच्या पायावर बसला. वादळाच्या मधोमध अशी शांत जागा असते आणि तिच्यामागून उरलेलं अर्धं वादळ येतं, हे आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. वीज गेलेली, मोबाईलचा टॉवर आडवा, आणि छपरावरच्या डिशची छत्री तर पहिल्या जोराच्या सरीलाच मुकी झालेली.

समोरच्या वाडीच्या मालकांना मात्र सकाळीच कुणा साहेबाचा सावध करणारा फोन आला होता. त्यांची गाडी काचा वर करून आमच्या दारावरून गेली. त्यांचे नारळ वर्षानुवर्षं माझ्याच ट्रकमधून गेले. एक काच खाली करायला काय लागत होतं? ते मी विसरलेलो नाही.

आई तेव्हापासून खाटेवरच. वारा पडला की विचारते, "आता परत येल का रं?" वाऱ्याचा आवाज मी सहन करायचो, पण तो थांबला की उठून दाराची कडी पुन्हा तपासायचो.

मग कळलं की मुंबईच्या टीव्ही मनोऱ्यावरून सरकारी चॅनेल अजूनही हवेतून येतात. छत्री लागत नाही, पावसाने चित्र जात नाही, नव्या टीव्हीत ते पकडायची सोय असते. आमच्या रायगडच्या किनाऱ्याच्या आणि मुंबईच्या मध्ये नुसतं पाणी, आडवं काही नाही. मी मुंबईत अँटेनाचं दुकान गाठलं.

"काका, आ छोटी लो. सिग्नल वाढवणारा बूस्टर फ्री," गुजराती दुकानदार म्हणाला.

"बूस्टरला वीज लागते ना?"

"लागते ने."

"ट्रकच्या बॅटरीवर टीव्हीच कसाबसा चालणार. मग वीज गेल्यावर त्याची आरती ओवाळू?"

त्याने लांबलचक अँटेना काढली. ही लांबचं पकडते, पण वारा हिला पकडतो, असंही बोलला. तो पत्रा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि हात मागे आला. पण छोटीने मुंबई आलीच नाही तर? शेवटी मी लांबच घेतली. तो उंच खांबही गळ्यात मारत होता. समोर उघडा समुद्र असताना खांब कशाला? पाण्याच्या टाकीच्या स्टँडलाच आवळायची ठरवली आणि क्लॅम्प फुकट घेतल्याशिवाय दुकानातून हललो नाही.

घरी बायकोने एकदाच वर पाहिलं. "अहो, उडायला अजून एक वस्तू आणलीत."

बसवायला मेहुणा आला. तो अजून बोटीवर जातो, मी पूर्वी जायचो. त्याने अँटेना हातात धरली आणि हसला, "दाजी, हा तर घोळीचा काटा!" खरंच त्या माशाच्या सांगाड्यासारखी होती. एका टोकाला लांब दांड्या, पुढे आखूड होत गेलेल्या. लांब दांड्यांकडे डोकं, आखूड दांड्यांकडे शेपटी. डोकं मुंबईकडे करून आम्ही ती घट्ट आवळली.

पडद्यावर "सिग्नल नाही". थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, तरी नाहीच. दुकानदाराला फोन करून मी नको ते बोललो. तो विचारत होता, "आखूड दांड्या कुठे..." मी ऐकून न घेता फोन बंद केला.

मग पुन्हा वादळाचा इशारा आला. आभाळ शिशासारखं झालं. बायको म्हणाली, "आधी ती खाली काढा." खाली आईसमोर टीव्ही चालूच ठेवून मी आणि मेहुणा वर चढलो. नट सैल केला तोच एक झोत आला आणि अँटेना हातातून फिरून पाठमोरी झाली. खालून आई ओरडली, "आली! बाई आली!"

मला वाटलं, भीतीने तिला भलतंच दिसतंय.

"अरं, नकाशा दावतेय ती!"

आता मुंबईकडे वळलेल्या आखूड दांड्यांवर मेहुण्याने हात ठेवला. "दाजी, हा मासा शेपटीनं ऐकतो!"

काढायची की ठेवायची, हे ठरवायला वारा वेळ देत नव्हता. आम्ही ती तशीच आवळली. माझ्या हातातून पाना दोनदा निसटला.

दुपारपर्यंत वीज गेली, मोबाईल गेला. ट्रकच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडून टीव्ही चालू होता. आणि वारा पडला. पडद्यावरची बाई सांगत होती, रायगडच्या किनाऱ्यावर शांत वाटलं तरी घराबाहेर पडू नका, वारा उलट दिशेने येणार आहे.

समोरचे मालक या वेळी घरीच होते. ते बायकोला घेऊन वाडीत पडलेल्या माडांमध्ये फिरत होते. मी खिडकीच्या काचेआड उभा होतो, आणि ती काच मला त्यांच्या गाडीचीच वाटत होती.

"हाक मार," आई म्हणाली. "त्यांना न्हाय ठावं."

मी खिडकी उघडली. "मालक, आत व्हा! अर्धं बाकी आहे!"

त्यांनी हात झटकला. मी नेहमीसारखा भांडायला उठलोय असं त्यांना वाटलं असावं. मग मी ओट्यावर जाऊन जी शिवी दिली, ती ऐकून त्यांच्या बायकोने त्यांचा दंड धरला आणि ओढतच आत नेलं. त्यांचं दार लागलं. मी आमचं लावलं.

वारा दुसऱ्या बाजूने आला. वर टाकीजवळ काहीतरी करकरलं, पडद्यावरचं चित्र तुकडे होऊन थांबलं, पुन्हा जुळलं. आईने या वेळी काही विचारलं नाही. माझं मनगट मात्र तिने सोडलं नाही, आणि आम्ही दोघं चित्राकडे न बघता छताकडे बघत बसलो.