जास्त वॅटचा टायर

हे तुम्हाला सांगावं की गिळून टाकावं, याचाच विचार करत होतो. सांगूनच टाकतो! पण आधी तो चहा खाली ठेवा, नाकात जाईल. घरचे हसून झालेत, अख्खा बाजार हसून झालाय, तुम्हीच तेवढे राहिला होता.

वर्ध्यात माझं शेतीच्या पंपांचं दुकान. मोटरी, स्टार्टर, पाइप, सगळं. लोडशेडिंगच्या त्या काळात गावात वीज असो-नसो, माझं डोकं मात्र चोवीस तास चालू! शेतकरी दुकानाची पायरी चढला की त्याच्या तोंडाकडे पाहून मी सांगायचो, याच्या विहिरीला किती एचपीची मोटर लागेल. निदान माझा तसा समज होता. आणि माझं तत्त्व एकदम सोपं. जास्त पॉवर म्हणजे जास्त चांगलं. वीस-बावीस वर्षं याच तत्त्वावर धंदा केला, कोणी उलटून बोललं नाही.

माझी मुलगी पल्लवी तेव्हा नुकतीच कॉलेजात गेली होती आणि सायकलच्या शर्यतीत उतरायची. आदल्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली. पहिली आली भगतसाहेबांची स्नेहल. राज्याच्या स्पर्धेला जाते फक्त पहिली! पोरगी कित्येक दिवस धड जेवली नाही. हे भगतसाहेब पाटबंधारे खात्यात अधिकारी, माझे जिवलग मित्र. रोज संध्याकाळी माझ्या दुकानात बसून माझाच चहा प्यायचे आणि मलाच स्नेहलचं कौतुक सांगायचे. आता यंदा पल्लवीला पहिली आणल्याशिवाय मला झोप कशी लागणार?

पुण्याचा माझा धाकटा भाऊ धनंजय कंपनीच्या कामाने परदेशात जाऊन-येऊन असायचा. त्याने फोन केला. "दादा, पल्लवीसाठी पॉवर मीटर आणतो. सायकल चालवणारा किती जोर लावतो ते वॅटमध्ये दाखवतं. एक पायडलच्या दांड्यात बसतं, एक मागच्या चाकाच्या मधोमध. कोणतं आणू?"

मी विचारलं, "वजनाले जड कोणतं?"

"चाकातलं. पण दादा, वजनाचा काय..."

"मंग तेच आण!"

मोटर घेताना आपण काय पाहतो? आत तांबं किती! जड मोटर ती चांगली मोटर. एवढी साधी गोष्ट त्या सायकलवाल्यांना कोण सांगणार? तिकडे धनंजयने फोनच ठेवून दिला. मला वाटलं, लाइन गेली.

तर आलं ते चाक. सोबत हँडलवर लावायचा एक छोटा डबा, त्यावर आकडे. शिवाय टायरच्या दोन जोड्या. एक बारीक, गुळगुळीत, रस्त्याची. दुसरी जाडजूड, खोल खाचांची, डोंगराची. धनंजय म्हणाला, "दोन्ही लावून पाहा न् ठरवा." मला 'ठरवा' म्हणायचं असतं का हो?

नालवाडीच्या पुढे रस्ता मोकळा असतो. पल्लवी सायकलवर, मागे मी स्कूटरवर. तिला म्हटलं, वेग पंचवीसचा धर, सोडू नको. बारीक टायरला मीटर म्हणे एकशेतीस वॅट. घरी येऊन जाड टायर लावला, पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. एकशेऐंशी!

मी स्कूटर थांबवून उतरलोच. "पाह्यलं का? नुसता टायर बदलला तं पन्नास वॅट वाढले!"

"बाबा, ते टायरनं नाई वाढवले," पल्लवी धापा टाकत म्हणाली. "ते मले लावा लागून राह्यले. वेग तं तेवढाच आहे ना!"

"वेगाचं पाहू मंग. आधी पॉवर तं येऊ दे!"

मग मी टायरची हवा थोडी कमी करून पाहिली. दोनशेच्या वर! परत येताना मागचा ब्रेक जरासा घासत होता, तर आकडा आणखी चढला. माझा आनंद पोटात मावेना.

"मंग शर्यतीत ब्रेक दाबूनच चालवू का?" पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

आणि मी, तुमची शपथ, मी त्यावर विचार केला.

घरी सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "अवो, पोरगी सांगून राह्यली तं ऐका ना जरासं."

"तुले वॅट समजते काय?"

"वॅट नाई समजत. पोरीचं तोंड समजते."

आता अशा अडाणी लोकांशी काय वाद घालायचा? मी जाड टायर लावले, हवा कमी केली आणि विषय संपवला.

आणि इथेच थांबलो असतो तर आज हा किस्साच झाला नसता. पण माझा स्वभाव पडला उदार! एवढं ज्ञान पोटात ठेवलं की मला अपचन होतं. संध्याकाळी भगतसाहेब चहाला आले तर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नुसतं सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी स्नेहलला बोलावून, पल्लवीच्या सायकलवर बसवून, दोन्ही टायरांचे आकडे दाखवले. भगतसाहेबांनी स्नेहलसाठी नागपूरहून खास बारीक टायर आणले होते. ते काढून त्यांनी त्याच दिवशी जाड लावले.

"राजेहो, हे तं आमाले कोणी सांगतलंच नाई!" ते म्हणाले.

"सांगणार कोण? त्याले मोटरीचा अभ्यास लागते," मी म्हणालो.

मग काय विचारता! शर्यतीतल्या बाकीच्या पोरींचे बापही दुकानात यायला लागले. मी सगळ्यांना फुकट सल्ला दिला. जाड टायर लावा, हवा कमी ठेवा, पॉवर वाढवा. पल्लवीने विचारलं, "बाबा, तुमी सगळ्यायले काऊन सांगून राह्यले?" मी म्हटलं, "बेटा, ज्ञान दिल्यानं वाढते." ती आईकडे पाहायला लागली, आई तिच्याकडे. मला वाटलं, भारावून गेल्यात.

शर्यतीचा दिवस उजाडला. नालवाडीहून निघायचं, सेलूच्या रस्त्याने जायचं आणि फिरून परत नालवाडीत. मी पूजा आटोपून बाहेर आलो तर मायलेकी सायकल घेऊन कधीच निघून गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा शर्यत सुटलेली. मग मी शेवटच्या रेषेपाशी उभा राहिलो. तिथे लाउडस्पीकर होता, माइक होता, आणि माइकवाला बिचारा चहा प्यायला गेला होता. आता मोकळा माइक पाहून माझ्यासारख्या विद्वानाने काय करावं?

"बंधू-भगिनींनो," मी सुरुवात केली, "आज तुमच्या डोळ्यांसमोर विज्ञानाचा विजय होणार आहे!" वॅट म्हणजे काय, टायर वॅट कसा तयार करतो, सगळं समजावून सांगितलं. लोक कौतुकाने ऐकत होते. भगतसाहेब तर पुढच्या ओळीत मान डोलवत होते.

तेवढ्यात लांबून एक सायकल येताना दिसली. एकटीच! मागे कोणी नाही. लाल टी-शर्ट. पल्लवी!

"पाहा!" मी माइकवर ओरडलो. "ही आपल्या टायरची करामत! नीट पाहा टायरकडे!"

सगळ्यांनी नीट पाहिलं.

टायर बारीक होते. गुळगुळीत. हवा अशी टम्म भरलेली की चाकाचा आवाजसुद्धा नाही. पोरगी रेषेवरून वाऱ्यासारखी गेली आणि माझ्या हातात माइक तसाच राहिला.

मग पुष्कळ वेळाने बाकीच्या आल्या. त्यांच्या टायरांचा भर्रर्र आवाज असा, जणू पिठाची गिरणी चालत येत आहे. स्नेहल दुसरी आली. सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "काका, वॅट तं लय निघाले!"

पल्लवी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुमी पूजेले बसले होते तवा आईनं न् मी टायर बदलले. टायर काढाचा लिव्हर सापडला नाई तं आईनं उलथन्यानं काढले."

रागावतो कशाला? पोरगी राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू! तिला जवळ घेणार, तोच भगतसाहेब समोर.

"वा राऊतभाऊ, वा! आमच्या पोरीयले जाडे टायर, न् घरच्या पोरीले बारीक! कायम तुमच्याच दुकानात बसलो, न् त्याचं हे फळ?"

मागे बाकीचे बापही जमले. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच शब्द, लबाड!

मी तोंड उघडलं. सांगणार होतो, साहेब, माझी चूक झाली, मला खरंच काही समजलं नव्हतं. पण तेवढ्यात माझ्यातला दुकानदार जागा झाला. अरे, लबाड दुकानदाराकडे गिऱ्हाईक येतं, फक्त भाव करून घेतं. मूर्ख दुकानदाराकडे कोण येईल? आणि मी, जरा गालात हसून, मान खाली घातली.

झालं! गावभर नाव झालं. 'राऊत दिसतो साधा, पण पक्का बेरकी!' पानठेल्यावर लोक मला आधी पान द्यायला लागले. सोसायटीच्या निवडणुकीत डाव कसा टाकावा हे विचारायला दोघे येऊन गेले. मी नुसतं 'हं' म्हणायचो आणि ते खूश होऊन जायचे. फक्त भगतसाहेब चहाला येईनात. संध्याकाळी त्यांची खुर्ची रिकामी पाहिली की जीव कसानुसा व्हायचा.

एके दिवशी मात्र आले! मी एका शेतकऱ्याला मोटर दाखवत होतो. पाचची मागायला आला होता, त्याला साडेसात एचपीचीच कशी चांगली हे पटवून झालं होतं. तोच भगतसाहेब हसत हसत आत. येऊन माझे दोन्ही हात धरले.

"भाऊ, माफ करजो. मी तुमाले लबाड समजलो. काल वहिनी घरी आल्या होत्या, त्यायनं सगळं समजावून सांगतलं."

मला भरून आलं. शेवटी बायकोच ती! नवऱ्याची अब्रू राखायला धावली!

"काय म्हणे ती?" मी शेतकऱ्याकडे पाहत, ऐटीत विचारलं.

"म्हणे, साहेब, आमचे हे लबाड नाईत हो. तेवढं डोकं असतं तं काय पाह्यजे होतं? त्यायले खरंच वाटलं होतं की टायर वॅट देते." भगतसाहेबांनी माझी पाठ थोपटली. "अन् भाऊ, मले ते लगेच पटलं!"

शेतकऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोटरीकडे पाहिलं, आणि हळूच पायात चपला सरकवल्या.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "मी घरी पोरीले इचारून येतो."