टिटवीच्या अंड्यांना दोन पाट्या

हिंडलग्याच्या पुढं डोंगरात धरण आहे. चैत्रात त्याचं पाणी उतरतं, काठाचे गोटे नि गाळ उघडा पडतो आणि तिथं टिटव्या अंडी घालतात. ती बघायला आम्ही पाच जण दर रविवारी अनगोळहून जायचो. मी कॉलेजात शिकवतो. बाकीचे चौघं माझ्यापेक्षा जाणकार, म्हणजे त्यांचे कॅमेरे माझ्यापेक्षा मोठे. त्यांतले एक दातांचे डॉक्टर स्वतःहूनच अध्यक्ष झालेले.

दोन वर्षांमागं त्यांना गोट्यांतच घातलेली, गोट्यांच्याच रंगाची चार अंडी दिसली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कोकलत होती. अध्यक्षांनी तिचे भरपूर फोटो काढले आणि मग त्यांना अंड्यांच्या रक्षणाची काळजी लागली. पुढच्या रविवारी आम्ही अंड्यांभोवती चुना फासलेल्या दगडांचं रिंगण केलं. पाटीही करून नेली होती.

पाटीवर कन्नड वर होतं, मराठी खाली. त्यावरून आम्ही अंड्यांपासून चार हातांवर उभं राहून तासभर भांडलो. सीमाभागात वाढल्यामुळं सगळ्यांचे मुद्दे तोंडपाठ होते. तेवढा वेळ अंडी उन्हात तापत राहिली. शेवटी कुणीतरी गावातून मराठी वर असलेली दुसरी पाटी रंगवून आणली आणि दोन्ही एकाच उंचीवर ठोकल्या, वितीनं मोजून.

गाळात काकड्या लावणारी एक बाई हे बघत होती. पाटी कुणासाठी, असं तिनं विचारलं. लोकांनी अंड्यांवर पाय देऊ नये म्हणून, असं मी सांगितलं.

"हितनं माझ्याबिगर कोन जातंय, सर?" ती म्हणाली. "आनि मला ठावं हाय की."

पुढच्या रविवारी अंडी नव्हती. दोन्ही पाट्यांवर एकेक कावळा बसला होता. अध्यक्षांनी कुत्र्यांना दोष दिला आणि तसं निवेदन लिहिलं. मला खरं काय ते कळलं होतं, तरी मी सही केली.

मे महिन्यात मात्र मी एकटाच गेलो, कॅमेरा न घेता. टिटवीनं पुन्हा अंडी घातली नि पिल्लंही निघाली, असं त्या बाईनं सांगितलं. कुठं, असं मी विचारलं.

"ते न्हाय सांगनार," ती म्हणाली. "तुमी लोक लई भलं करतासा."

मी खाली मान घालून बांधावर बसलो. बऱ्याच वेळानं तिच्या काकडीच्या वेलांतून तीन पिल्लं लांब पाय टाकत पाण्याकडं पळाली. तिनं मला एक काकडी दिली आणि मी गाडी चालू करेपर्यंत ती तिथून हलली नाही.