गुजरातचा टॉवर धरू नये म्हणून

तळासरीत राहणाऱ्या माणसाचा फोन घटकेत महाराष्ट्रात असतो, घटकेत गुजरातेत. माणूस मात्र स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा असतो तसाच असतो. पूर्वी पलीकडचा टॉवर धरला की जादा पैसे कापले जायचे, म्हणून आमच्याकडे जो तो सेटिंगमध्ये जाऊन फोन आपल्याच टॉवरला बांधून ठेवायचा. पैसे कापणं केव्हाच थांबलं, पण आमच्या ह्यांची खोड गेली नाही. घरातला प्रत्येक फोन ते अजून तसाच बांधतात. अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत भिलाडच्या बाजारात गेलं की ‘निवडलेलं नेटवर्क उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. ती मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता ती मला दिसतच नाही.

मुलगी जर्मनीत, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. त्या वेळी मी तिच्यापाशी हवी, हा तिचा हट्ट आणि माझाही. तिने व्हिडिओ कॉलवर माझी शाळाच घेतली. तिकडे आपलं यूपीआय चालत नाही, म्हणून डहाणू रोडच्या बँकेतून परदेशात चालणारं कार्ड घ्यायला लावलं. रोमिंगचा पॅक, टॅक्सीचं अ‍ॅप, इंटरनेटशिवाय चालणारं भाषांतराचं अ‍ॅप, सगळं भरून घेतलं. “जावई घ्यायला येतील. नाही दिसले तर हलू नकोस, फोन लाव,” असं तिने मला लहान पोरीला सांगावं तसं दहादा सांगितलं.

जर्मनीत उतरले. जावई नव्हते. फोन चालू केला, पाटी आली, मी अंगठ्याने सारली.

मग नुसती घालमेल. मेसेजला टिक लागेना. टॅक्सीचं अ‍ॅप गोल गोल फिरे. तिथल्या फुकटच्या वायफायला माझा नंबर हवा होता. नंबर दिला, तर म्हणे त्यावर कोड पाठवलाय. फोनच लागत नाही, तर कोड येणार कसा? डिंकाच्या लाडवांची बॅग ओढत मी या दारापासून त्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. बसले की वाटे, जावई पलीकडच्या दाराशी उभे असतील. उठले की वाटे, आत्ता इथेच आले असते. पॅक विकणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. कार्डात पैसे होते, पण कुलूप लावलेल्या घरी जाऊन करू काय? आणि घराला कुलूप असेल, असं माझ्या मनात का आलं, याचीच मला भीती वाटायला लागली.

पाठ असलेला नंबर एकच, ह्यांचा. शेवटी चौकशीच्या खिडकीतल्या बाईपुढे भाषांतराचं अ‍ॅप धरलं: माझी मुलगी गरोदर आहे, घरी एक फोन करू द्या. तिने टेबलावरचा फोन माझ्याकडे वळवला.

“अगं, आहेस कुठे तू?” हे ओरडलेच. “लावून लावून थकलो! पोरीला हॉस्पिटलात नेलंय, जावई तिथेच आहेत.”

“माझ्या फोनला नेटवर्कच नाही हो!”

मग पडेल आवाजात हे म्हणाले, “गुजरातचा टॉवर धरू नये म्हणून निघताना मीच लॉक केला होता गं. सवयीने. ते ऑटोमॅटिकवर टाक.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! राग इतका आला, की निरोपही न घेता फोन ठेवला. बटण सरकवलं आणि मेसेज धडाधडा कोसळले. जावयांनी हॉस्पिटलचा पत्ता पाठवला होता. टॅक्सी बोलावली, कार्डाचा कोड आला, पैसे गेले. जे जे तिने शिकवलं होतं, ते सगळं आता बिनबोभाट चाललं.

टॅक्सीत बसल्यावर मुलीचा व्हॉइस मेसेज दिसला. मी विमानतळावर हिंडत होते तेव्हाचा. धापा टाकत बोलली होती. “आई, आत नेतायत. मला खूप भीती वाटतेय. सगळं नीट होईल ना? तू नुसतं हो म्हण.”

मी मोठ्याने म्हणाले, “हो गं बाळा, हो.” ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मी पुन्हा म्हणाले.

पोचले तेव्हा नात होऊन गेली होती. दोघी सुखरूप होत्या. मुलगी उशीला टेकून बसली होती, चेहरा पार उतरलेला. ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं, आणि तिने तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी फोनचं सांगायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवून थांबवलं. नातीला माझ्या हातात दिलं.

“तुझं उत्तर येईना,” ती म्हणाली. “मग मीच मला हो म्हटलं. तुझ्या आवाजात.”