पाचवा खडा

टिटवीचं अंडं मी खडा समजून खिशात घालून घरी आणलं.

त्याचं असं झालं. टाळेबंदीत आमच्या घरी सागरगोट्यांचा अड्डा जमला होता. बायको आणि मुलगी मिळून मला रोज हरवायच्या. एका दुपारी पाचातला एक खडा कपाटाखाली गडप झाला आणि नवा शोधायला मला पिटाळण्यात आलं. बीडमध्ये आमच्या कॉलनीमागं क्रिकेटचं मैदान आहे. एरवी तिथं दिवसभर पोरांचा धुडगूस. त्या उन्हाळ्यात मात्र चिटपाखरूही नव्हतं, म्हणजे मला तसं वाटलं.

ऐन खेळपट्टीवर ठिपक्याठिपक्यांचा मळकट खडा दिसला. उचलला तर कोमट. उन्हानं तापला असेल, म्हटलं. शेजारी तसलेच आणखी तीन होते, पण मी काही हावरा माणूस नाही. एक टिटवी कोकलत माझ्या टकलावर झेपावत होती. टिटव्यांना काय, कोकलायला निमित्त लागत नाही, म्हणून मी खिशावर हात ठेवून घर गाठलं.

बायकोनं तो ऐवज तळहातावर घेतला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी बसायचा विचार सोडला.

"आवो, अंडं हाय हे टिटवीचं. पिल्लू मरंल त्यातलं. हाय तिथं ठेवून या आधी."

मुलीनं तर तोंडच फिरवलं. टकलाच्या रक्षणासाठी मी डोक्यावर पातेलं घातलं, अंडं ओंजळीत घेतलं आणि निघालो. त्याच त्या बातम्यांना विटलेली अख्खी कॉलनी गच्चीवर आली. शेजारच्यानं वरून विचारलं, "सर, पातेलं हाय, पण मास्क कुठंय?"

आता ती तीन अंडी दिसतील तर शपथ. सगळीकडं खडेच खडे, आणि पाय टाकायची भीती. शेवटी बायको गच्चीवरून म्हणाली, टिटवी जिथं जास्त तडफडंल तिथं बघा. मी एकेक पाऊल टाकत राहिलो. एका ठिकाणी पातेल्यावर अशी थप्पड बसली, की अंडी पायाशीच असणार हे कळलं. होतीही. चौथं अलगद ठेवलं आणि मागं न बघता पळालो.

टिटवी मात्र अंड्यांकडं फिरकेना. लांब जाऊन उगाच माती टोचत राहिली. आम्ही तिघं गच्चीच्या कठड्यावरून बघतोय. माझ्या डोक्यावर पातेलं तसंच. बऱ्याच वेळानं ती चार पावलं आली, थांबली, पुन्हा आली. मग पोटाखालची पिसं फुलवून चौघांवर बसली.

मुलगी हसली. आता माझंही थोडं कौतुक होईल म्हणून मी बायकोकडं वळलो.

"सारी दुनिया घरात कोंडली, तवा कुठं त्या बाईला बाळंतपणाला निवांत जागा घावली," ती म्हणाली. "आन् नेमके तुमीच मोकळे सुटलात."