आईच्या वहीचा नंबर

मेश्रामकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिविक सेंटरला बँकेच्या रांगेत होते. "पोरी, तुहे काका गेले... झोपेतच," काकू एवढंच बोलल्या. याला आता सहा आठवडे होतील.

काकांनी अख्खी नोकरी इथं छत्तीसगढात, स्टील प्लांटच्या टेक्निकल लायब्ररीत काढली. निवृत्त झाल्यावर नेहरू नगरातल्या आमच्या मराठी मंडळाची पुस्तकं हाती घेतली. पुस्तकं कसली, ढीगच तो! मुलं हिंदीत शिकलेली, वाचायला कोणी नाही, म्हणून समितीनं ती रद्दीत काढायचं ठरवलं होतं. काकांनी एक उन्हाळा मागून घेतला आणि मदतीला मला बोलावलं. पुस्तकांना विषयवार नंबर द्यायचं दशांश वर्गीकरण मी त्यांच्याकडूनच शिकले. धर्म दोनशेत, भाषा चारशेत, स्वयंपाक सहाशेत, साहित्य आठशेत... "पत्ताच नसन तर पोस्टमन तरी काय करन?" असं म्हणत ते एकेका पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवत.

आई गेल्यावर तिची पुस्तकं मी मंडळाला दिली होती. एका दुपारी त्यांतून तिची वही निघाली. चौथी शिकलेली आई लग्न होऊन वर्ध्याहून इथं आली. बाजारातल्या बायांचं छत्तीसगढी समजावं म्हणून तिनं शब्द लिहून ठेवले होते. पताल म्हणजे टमाटर, गोंदली म्हणजे कांदा... शुद्धलेखन सगळं चुकलेलं. मला लाज वाटली. मी वही गुपचूप पिशवीत टाकू लागले.

"कावून लपवून राहिली?"

"पुस्तक थोडीच आहे हे, काका!"

त्यांनी वही घेतली, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "शब्दकोश हाय हा. चारशेतच जाईन. तुह्या मायचं नाव लेखक म्हणून लिव." मी रजिस्टरमध्ये ते नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पावसाळ्यात समितीची माणसं पुस्तकांची खोली पाहायला आली. कोणी पुस्तकाचं नाव घ्यावं आणि काकांनी जागेवरूनच कपाट, ओळ सांगावी, असं तासभर चाललं. रद्दीचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या रविवारी काकूंनी त्या खोलीची किल्ली दिली. मी आईची वही काढली. मागच्या पानावर काकांनी देवघेवीची चिठ्ठी, वाचायला नेणाऱ्यानं नाव लिहायची, चिकटवली होती, हे मला माहीतच नव्हतं. तिच्यावर पहिलं नाव त्यांचं. खाली वेगवेगळ्या अक्षरांत आणखी पाच बायकांची नावं.

त्यांतल्या एकीलाही मी ओळखत नाही.