दुसऱ्याच्या ताटाकडं बघू नये

माझा नवरा चोरून खातो, याची मला पक्की खात्री होती. कुठं खातो, एवढंच सापडत नव्हतं.

त्यांना शुगर निघून बरीच वर्षं झाली होती. गोळी चालू, पथ्य चालू, अन् पथ्य मोडणंही चालू. पण त्या हिवाळ्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली, अन् ती जखम काही केल्या भरून येईना. वरून खपली धरायची, आतून ओलीच. परभणीच्या डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितली अन् ते माझ्याशी बोलले, नवऱ्याशी नाही. "शुगर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. औषध माझ्याकडं, पण ताट तुमच्याकडं आहे." सेलूला परत येताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले अन् मी त्यांच्या पायाकडं. एकदा अंगठा गेला की पुढं काय काय जातं, ते बाजारातल्या दोघातिघांचं मी डोळ्यांनी बघितलं होतं. लय भ्याले मी.

घरी आले अन् साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर टाकला. त्यांचा भात बंद, पोळी बंद, संध्याकाळचं फरसाण बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाजीचा गरगट्टा, मेथी, अंबाडी, जवसाची चटणी अन् वाटीभर ताक. डॉक्टर आधी रोज चालायला सांगायचे, पण जखमेमुळं ते बंद, मग घरीच खुर्चीत बसून हातपाय हलवायचे. सगळं केलं. महिन्यानं रक्त तपासलं तर शुगर तिथंच. पुढच्या वेळी अजून वर. अन् जखम आणखी पसरलेली.

आता तुम्हीच सांगा, भाकरी अन् पालेभाजी खाऊन कुणाची शुगर चढते का?

मी मुळातच शक्की. माझी आई म्हणायची, ही पोरगी तीर्थसुद्धा वास घेऊन पिईल. भाजीवाली "आजचीच हाय" म्हणाली की मी देठ मोडून बघते, अन् दुधाचा थेंब नखावर घेऊन बघितल्याशिवाय भांडं पुढं करत नाही. त्यामुळं पहिला शक यायचा तिथंच आला. आमचं सरकी-पेंडीचं दुकान आहे, अन् बरोबर समोर हॉटेल. सकाळी जिलेबी, दुपारी भजे. नवरा दिवसभर गल्ल्यावर बसून ती कढई बघतो. साधू असला तरी घसरेल, अन् हे काही साधू नव्हते.

ताक द्यायच्या निमित्तानं मी अवेळी दुकानावर जायला लागले. कधी अकराला, कधी चारला. हे पेंडीच्या पोत्याला टेकून पेपर वाचत असायचे. तोंडाला काही नाही, शर्टाला तेलाचा डाग नाही. एकदा हॉटेलवाल्यालाच गाठलं. तो म्हणाला, "वैनी, शेठ बिनसाखरेचा चहा पितेत. त्यो बी अर्धा तसाच ठिवतेत." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. गिऱ्हाईक कोण तोडून घेतं?

मग बोरी गावाकडचे शेतकरी. जनावरांसाठी पेंड न्यायला यायचे तेव्हा शेठसाठी काही ना काही आणायचे. कुणी गुळाची ढेप, कुणी बोरं, कुणी घरचे लाडू. मी सांगून ठेवलं, जे येईल ते बांधलेलं तसं घरी पाठवायचं. यायचंही तसंच, गाठ न सोडलेली. तरी मी गाठ बघायची, मूळची आहे का परत मारलेली.

संध्याकाळी हे घरी आले की आधी मी त्यांचा हात नाकाशी धरायची. हे म्हणायचे, "पोलिसात कामून गेली न्हाईस तू? कुत्रं पाळायचा खर्च वाचला असता त्यांचा." मी म्हणायची, "अंगठा तुमचा जायलाय, माझा न्हाई." एकदा फार बोलले मी, तेव्हा त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "बाहेरच्या एका घासाला हात लावला न्हाई. आता तरी इमान ठिव." आमच्या लिंगायत घराण्यात लिंगावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. अन् तरी माझा विश्वास बसेना. रक्त तपासायचं यंत्र खोटं, का नवरा खोटा, का देव, हेच कळेना. त्या रात्री मला माझीच लाज वाटली अन् त्यांचा रागही आला.

इथं आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दुपारी दुकान बंद करून हे घरी यायचे. माझे सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, तोवर त्यांची लिंगपूजा आटोपलेली असायची. बाप-लेक देवघराच्या खोलीत समोरासमोर बसायचे. मी दोन्ही ताटं पूर्ण वाढून ठेवायची, अन् बाहेर. नैवेद्य दाखवला की ते अन्न राहत नाही, प्रसाद होतो. मग बोलायचं नाही, शीत टाकायचं नाही, शेवटी ताटात पाणी घालून तेही पिऊन टाकायचं. वाढणारीनं तिथं रेंगाळायचं नाही. जेवणाऱ्याच्या ताटाकडं बघू नये, नजर लागते, हे अप्पांनी मला लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ताट टाकण्यावरून त्यांनी आपल्या लेकरांना दुपार दुपार बसवून ठेवलेलं. माझ्या नवऱ्यानं लहानपणी कारल्याच्या भाजीपुढं बसून काढलेल्या दुपारी अख्ख्या गल्लीला माहीत होत्या.

अप्पांचे दात गेले होते. भाकरी चावत नव्हती, म्हणून त्यांचं ताट वेगळं असायचं. साजूक तुपातला शिरा, दूध-साखर-भात, कधी गव्हाची खीर, वर एक केळं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगी लागावं म्हणून मी हात सैल सोडून वाढायची. ताट रोज चाटूनपुसून परत यायचं. मी शेजारणीला कौतुकानं सांगायची, अप्पांचं वय बघा अन् जेवण बघा. एकच कोडं होतं, एवढं खाऊन त्यांचं धोतर कमरेवर ठरत नव्हतं. मी म्हणायची, वयाचं आहे.

शेवटी जखमेला वास यायला लागला अन् डॉक्टरांनी त्यांना परभणीला भरती करून घेतलं. "आठवडाभर बघू. नाहीतर काढून टाकू." आमचा पोरगा पुण्याहून रजा टाकून आला. अप्पांना आम्ही खरं सांगितलं नाही. काटा मोडलाय, पिकलाय, एवढंच. अप्पांचं जेवण शेजारणीकडं सांगून मीही दवाखान्यात राहिले. अन् काय सांगू, दोन-तीन दिवसांत शुगर उतरायला लागली. मी डॉक्टरांना विचारलं, औषध बदललं का? ते म्हणाले, "तेच आहे. फक्त इथं आम्ही दिलेलंच खातात ते."

मला रडू यायचं ते सोडून मनभर समाधान झालं. धरला चोर. नवऱ्याच्या खाटेपाशी उभी राहून म्हणाले, "बगा, आता तरी सांगा. कोणतं हॉटेल?" त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पोरगा म्हणाला, "आई, आता बास कर." मी कशाची बास करते. पोराला बापापाशी ठेवून सकाळच्या गाडीनं सेलूला आले ते हॉटेलवाल्याचा गळा धरायचा ठरवूनच.

आधी अप्पांचं जेवण म्हणून स्वयंपाकाला लागले. शिरा, दूधभात, केळं. ताट वाढलं, देवघरात ठेवलं अन् बाहेर आले. माझं जेवण झालं, भांडी झाली, तरी अप्पांची हाक नाही. म्हातारं माणूस, एकटं बसलेलं. जिवाला घोर लागला अन् रीत सोडून मी दारात गेले.

अप्पा तसेच मांडी घालून बसले होते. ताटातला शिऱ्याचा एक कोपरा तेवढा हललेला. दूधभातावर साय धरलेली. तोंडात घास होता अन् तो खाली जात नव्हता. मला बघून त्यांनी ताटावर उपरणं ओढलं.

मी विचारलं, "अप्पा, जेवला न्हाईत?"

"जेवलो की. एवढं राह्यलंय, ते... त्यो कवा यायचाय?"

"कोण?"

"तुझा नवरा. त्यो आला की खाईल."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते असं. मी साऱ्या बाजाराचे हात हुंगून आले होते, अन् वाटी-वाटीनं साखर माझ्याच देवघरात, माझ्याच नवऱ्याच्या पोटात जात होती.

"किती दिवसाचं चाललंय हे?"

"पावसाळ्यापासनं. मला दोन घासाच्या वर जाईना, बाई. ताटात टाकावं तर परसाद. त्यानं एक दिवस गुपचूप ताट वढलं अन् खाऊन टाकलं. मग रोजचंच झालं."

"अप्पा, त्यांला शुगर हाय."

"परसादानं कुणाला काय होत न्हाई." हे ते अगदी खात्रीनं बोलले. अन् मला कळलं की माझा नवराही हेच धरून बसला असणार. त्यांनी लिंगावर हात ठेवून जे सांगितलं ते त्यांच्या लेखी खरं होतं. बापाच्या ताटातला प्रसाद त्यांनी खाण्यात धरलाच नव्हता.

मला भलताच संताप आला. "मग मला कमी वाढ म्हणायला काय झालं होतं? सोन्याचं मोल लागत होतं का?"

सासऱ्याला असं मी कधी बोलले नव्हते. अप्पा बराच वेळ उपरण्याचा काठ चोळत राहिले. "माणूस कमी जेवाया लागलं की घरातले पाव्हण्याला सांगावे धाडायला लागतेत," ते म्हणाले. "माझ्या बापाचं बघितलंय मी. अर्धी भाकर मागितली अन् दुसऱ्या दिवसापासनं लोक त्यांच्या तोंडाकडं निराळंच बघाय लागले. मला न्हाई तसं बघून घ्यायचं."

माझा राग कुठच्या कुठं गेला. त्या माणसाची मला फार दया आली, अन् मग नवऱ्याची आठवण झाली. आता लपवून कुणाचं भलं होणार होतं? मी सांगून टाकलं. काटा नाही मोडलेला. अंगठा सडायला लागलाय, कापायचं म्हणतात.

गालात धरलेला घास अप्पांनी हातावर काढला, त्याच्याकडं बघितलं, अन् परत तोंडात घातला. उरलेलं ताट मी ओढून घेतलं अन् तिथंच उंबऱ्यावर बसून संपवलं. गोड इतकं होतं की शेवटी शेवटी मळमळायला लागलं. रोज एवढं कसं खात असतील ते?

अंगठा वाचला. जखम लाल झाली, मग भरायला लागली. डॉक्टर म्हणाले, "जे करताय ते असंच चालू ठेवा." नवऱ्याला मी दवाखान्यात एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतं तर?" ते म्हणाले, "तू अप्पांला बोलली असतीस." ते खरं होतं.

हे घरी आले त्या दुपारी मी एकच स्वयंपाक केला. ज्वारीची भाकरी, पातळ वरण, मेथी. अप्पांची भाकरी वरणात कुस्करून मऊ केली. ताट मांडलं अन् या घरात कुणी कधी न विचारलेलं विचारलं, "अप्पा, किती वाढू?" ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी निराळं बघते का, तेच बघत असावेत. मग म्हणाले, "अर्धी." मी अर्धीच वाढली, अन् बाहेर न जाता माझंही ताट घेऊन तिथंच बसले. अप्पांनी नैवेद्य दाखवला.

ह्यांचं जेवण आधी झालं. अप्पांच्या ताटात चार घास राहिले होते अन् त्यांचा हात थांबला होता. ह्यांनी सवयीनं हात पुढं केला. अप्पांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"माझं मी खातो," ते म्हणाले.

अन् खायला लागले. एक घास, मग पाण्याचा घोट, मग जरा दम. आमचे हात वाळून गेले, पण कुणी उठलं नाही. शेवटचा घास त्यांना गिळेना. डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा ताणल्या, पण त्यांनी तो परत परत चावला अन् खाली ढकलला. ताट रिकामं झालं, तरी लेकाचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.